भट्टी थंड पडतेय

ती. गुड्रुनताईस,

धाकट्या लोथारचा, गुडघा वाकू देतो तितका वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींनी साखर सोडली, की नुसतं सोडली म्हणतात?

तुझा फाल्क घरची बेकरी सोडून माझ्याकडे लाइपझिगला पळून आला, तेव्हा तू फोनवर बजावलंस की त्याचं डोकं ठिकाणावर आण आणि परत घरी झ्विकाउच्या गाडीत बसवून दे. बसवणारच होतो, पण तो तळघरातून वर येईल तर ना! माझ्या कोळशाच्या तळघरात (कोळसा संपला, काळोख शिल्लक आहे) त्याने यंत्रं मांडली होती. कपडे काळे, नखं काळी आणि आवाज असा, की कोणी विहिरीत कपाट ढकलतंय. म्हणाला, "मामा, अल्बम करतोय. इलेक्ट्रॉनिक." मग मात्र मी तुझं स्मरण करून गरजलो, "ऊठ! भट्टी थंड पडतेय! आईला काय तोंड दाखवशील?"

माईक चालू आहे हे मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून माझाच आवाज आला. संथ, थडग्यातून आल्यासारखा, मागे ढोल. मी चवताळून खाली गेलो. खरं सांगतो ताई, 'थंड'वर माझा सूर घसरला होता म्हणून चवताळलो. जन्मभर चर्चच्या गायकवृंदात खर्ज लावलेला माणूस मी, हे जगापुढे कसं जाऊ देणार? म्हटलं, पुन्हा घे. पुन्हा घेतल्यावर गाढव म्हणतो, "नको मामा, पहिलंच ठेवतो. तुझा आवाज फाटतो ना, तेच हवंय." ताई, गायकवृंदाने गेल्या वर्षी मला फुलं देऊन घरी पाठवलं ते याच फाटण्यापायी. (तुला गुडघ्याचं कारण सांगितलं होतं.) नाक पुसलं आणि वर आलो.

मग वरच्या मजल्यावरच्या व्हिएतनामी ह्वेनबाई भांडायला आल्या, कपाटातल्या बश्या नाचतात म्हणून. गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं दुःख करताय, आणि रडणारी बाई एकही नाही?" लगेच स्वतःच त्यांच्या गावचं मयताचं गाणं म्हटलं. फाल्कने ते माझ्या भट्टीला जोडलं. मधे कोपऱ्यावरच्या तुर्की न्हाव्याने तारा छेडल्या. ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि मग भूक लागली.

पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत, दरवर्षीप्रमाणे, असलं थडग्यातलं संगीत ऐकणारे काळे कपडेवाले गावभर जमले. एका बंद कारखान्यात आमचा अल्बम वाजला. मला पुढे उभं केलं. शिंगं लावलेली, शवपेटीच्या आकाराच्या पिशव्या घेतलेली मंडळी माझ्याबरोबर ओरडत होती, "भट्टी थंड पडतेय!" नंतर एका शिंगवाल्याने अदबीने खुर्ची आणून दिली आणि विचारलं, "काका, पुढचा अल्बम कधी?" चर्चमध्ये माझं गाणं चालू असताना लोक घड्याळ बघायचे गं.

तेव्हा फाल्कला गाडीत बसवणं जमलेलं नाही. रागावू नकोस.

तुझा,
लोथार

ता. क. : 'रागावू नकोस' हे खोडलं असं समज.

आणखी ता. क. : दुसऱ्या अल्बमसाठी खडसावणारी बाई हवी आहे. फाल्कने पुष्कळ जणींना ऐकलं, पण सगळ्या खोटं रागावतात. तुझं नाव मीच सुचवलं. तो म्हणाला, "तूच विचार, माझी छाती नाही." तर शनिवारच्या गाडीने निघ. हे पत्र वाचून येईल तो राग भावोजींवर काढून वाया घालवू नकोस. तसाच्या तसा इकडे घेऊन ये.