ताईची टाकी आणि जड पाणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दंडवत. (गुडघ्यामुळे तो कागदावरच घालतो आहे.) लेक आणि नातू सुखरूप ना? तुझं कंबरेचं तेल इथेच राहिलं होतं, ते आमच्या हिनं लावून संपवलं, त्याअर्थी गुण असावा. टाकीची काळजी करू नकोस, मासे खुशाल आहेत.

मधल्या तीन आठवड्यांत जे झालं ते माझ्याकडूनच कळलेलं बरं. आमची ही फोनवर तिखटमीठ लावून सांगेल. टाकी आमच्याकडे ठेवून जाताना तू बजावलं होतंस, चिमूटभर खाणं टाक, बाकी कशाला हात लावू नकोस. दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी काचेवर चुन्याचा पांढरा थर दिसला. एकतीस वर्षं धुलाई कारखान्याचा बॉयलर सांभाळलेल्या माणसानं तो बघून गप्प कसं बसावं? असा नखाएवढा थर बसला की नळ्या जळतात. मी बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, साबणाचे थेंब टाकून हलवलं. फेस नावालाही नाही. इतकं जड, क्षारांनी भरलेलं पाणी मी बॉयलरच्या जवळपास फिरकू दिलं नसतं. (तू एवढी टापटिपीची, आणि मुक्या जिवांना असल्या पाण्यात ठेवलंस, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं.) मग कारखान्यातून बॉयलरचं, क्षार काढून मऊ केलेलं पाणी कॅन भरभरून आणलं आणि टाकीतलं सगळं पाणी एका दमात बदललं.

मासे जागच्या जागी डुलायला लागले. मला वाटलं, खूश झाले. शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवले. दुसऱ्या दिवशी डुलणं चालूच, पण पर मिटलेले, खाणं तसंच तरंगतंय, आणि तुझी पोटुशी काळी कोपऱ्यात तळाला. तेव्हा माझं धाबं दणाणलं. माशांच्या दुकानात धावलो. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, हे करायला तुम्हाला सांगितलं कुणी?" तुझी ही जात म्हणे जड पाण्यातलीच, क्षार गेले की त्यांचं बळच जातं. त्यानं शिंपल्यांचा चुरा दिला, पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडायला, आणि पाणी बदलायचं तेही रोज तांब्याभरच. म्हणजे ज्या चुन्याशी मी जन्मभर वैर केलं तोच आता माझ्या हातानं टाकीत. रोज सकाळी बाटली हलवतो. फेस कमी दिसला की जीव भांड्यात पडतो.

बाळाला आशीर्वाद सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. मासे खुशाल आहेत असं वर लिहिलं, ते जे आहेत त्यांच्याबद्दल. काळी परवा गेली. तिच्यासारखीच दुसरी आणून ठेवली होती आणि तुला सांगणार नव्हतो, पण तू पहिल्या नजरेत ओळखशील. चूक माझी. फार वाईट वाटतं आहे.

ता. क. २. जाण्याच्या आदल्या दिवशी काळीनं पिल्लं घातली. सतरा आहेत, नुसते डोळे दिसतात. मोठे मासे खातात म्हणून जाळीच्या पेटीत ठेवली आहेत. निदान दोन महिने टाकी इथून हलवायची नाही, असं दुकानदार म्हणतो.

ता. क. ३. दुकानदार असं काही म्हणाला नाही, मीच म्हणतो आहे. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून जाऊन बघावं असं मला काही नव्हतं.