नववीचे चार गुण आणि कोरेगावचे घर

मी, जालिंदर हरिबा बनसोडे, वय ४७, धर्म बौद्ध, व्यवसाय माध्यमिक शिक्षक (गणित), मूळ गाव मेढ्याजवळ, सध्या राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. पुढच्या सोमवारी मिरजेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पण असे स्वतःच स्वतःबद्दल सांगणाऱ्या माणसावर मी सहसा विश्वास ठेवत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. ज्यांनी तो आणून पाहिला, त्यांची नोंद कलम ४ मध्ये केली आहे.

१. सन १९९३ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी राहते घर माझ्या शाळेच्या संस्थेला दिले होते. तिथे कोणत्याही मुलाला बीजगणित आणि भूमिती मोफत शिकवली जावी, अशी इच्छा लिहिली होती. इच्छा आजही तीच आहे. ती लिहिताना मुलांचा विचार किती होता आणि घरावर माझ्या नावाची पाटी लागण्याचा किती, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.

२. मी अविवाहित आहे. माझी एकुलती बहीण आक्काताई, राहणार कवठेमहांकाळ, जिल्हा सांगली, हिला बँकेतील शिल्लक आणि नोकरीतून मिळणारी सर्व रक्कम द्यावी. ती नको म्हणेल. तिचे नको ऐकून घ्यावे आणि द्यावी.

३. फळ्यावर वापरायचा माझा लाकडी कंपास, दोन गुण्ये आणि कोनमापक हे शाळेतील आठवी 'क' च्या वर्गात ठेवावे. 'अ' च्या वर्गात नेऊ नयेत. कारण लिहितो.

मी आठवीत गेलो तेव्हा गणिताचे दोन प्रकार होते. काही मुलांना बीजगणित-भूमिती, आणि बाकीच्यांना नुसते अंकगणित. अंकगणित घेतले की पुढे सायन्सचा रस्ता बंद. माझ्या नावापुढे गुरुजींनी न विचारता अंकगणित लिहिले. माझे वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत. त्यांना कुणीतरी सांगितले आणि ते दुपारी तसेच शाळेत आले. मी दारात उभा होतो.

"आवं गुरुजी, पोराला त्ये मोठं गणित का न्हाई?"

"हरिबा, काय करायचंय त्याला ते? मॅट्रिक झाला तरी लय झालं."

"लय का थोडं, त्ये त्यो बघंल. त्याला न्हाई झेपलं तर न्हाई झेपलं. पन आदी नाव तर घाला."

गुरुजींनी नाव घातले. मी सांगलीला बी.एस्सी. झालो ते त्या दुपारमुळे. तेव्हापासून 'याला हे कशाला हवे' असे कुणी म्हणाले की मी आधी म्हणणाऱ्याचा चेहरा बघतो, आणि मग तो ज्याच्याबद्दल बोलतो आहे त्याचे आडनाव.

४. संस्थेचे सचिव दादासो यांना मी काहीही देत नाही. गेल्या महिन्यात ते मला बघायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत शहाळे होते आणि शहाळ्याखाली कोरा स्टँपपेपर होता. "सर, झडपेचं काय सांगता येतंय? घराचं एकदा पक्कं करून टाकू," असे ते म्हणाले. त्याच बैठकीत त्यांनी नवी योजना सांगितली. आठवीपासून 'क' तुकडीचे गणिताचे तास कार्यानुभवाला द्यायचे. मुलांनी खडू करायचे, फायली चिकटवायच्या. दहावी जवळ आली की त्यांना दाखला देऊन टाकायचा आणि बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, म्हणजे शाळेचा निकाल शंभर टक्के. "गणित काय सगळ्यांना लागतं का? उगाच पोरांचा छळ," असे त्यांचे म्हणणे.

मी त्यांच्याकडून 'क' ची यादी मागून घेतली आणि आडनावे वाचली. यादी त्यांनी माझ्यासमोर धरली होती, तरी तिच्यात काय आहे ते त्यांना दिसत नव्हते. किंवा दिसत होते.

५. आमचे मुख्याध्यापक चिंतामणराव मात्र असे गृहस्थ नाहीत. त्यांचा माझ्याशी वीस वर्षे याच विषयावर वाद आहे आणि ते मनापासून बोलतात. त्यांचा प्रश्न मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण मला त्याचे पूर्ण उत्तर आलेले नाही. ते म्हणाले, "बनसोडे, दहावीला सोप्या गणिताची सोय असती तर तुमची भाची आज नर्स झाली असती. तुमच्या तत्त्वापायी ती शिलाईच्या दुकानात बसली आहे."

भाची म्हणजे आक्काताईची मुलगी दीपमाला, घरात पिंकी. ती आता सांगलीत एका शिंप्याकडे कापड बेतते. लोक मला समजावतात की सर, बेतणे म्हणजेही गणितच की. हे समाधान मी घेत नाही. ते तिच्यासाठी नसून माझ्यासाठी काढलेले असते.

नर्सला औषधाचे प्रमाण अचूक काढता आले पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. तिला प्रमेय सिद्ध करता आले पाहिजे का, मला माहीत नाही. तरीही दहावीपर्यंतचे सगळे गणित सगळ्यांना शिकवलेच पाहिजे, या मतावर मी आहे. कारण कुणाला वगळायचे हे ठरवणारा माणूस नेहमी मुलाच्या बाहेरचा असतो. मात्र त्यात नापास झालेल्याला सगळीच दारे बंद व्हावीत, हे मत माझे नव्हते आणि नाही. इतकी वर्षे मी हे दुसरे वाक्य मोठ्याने बोललो नाही, ही माझी कसूर.

६. आता पिंकीची हकीकत. ती आठवीपासून माझ्याकडे राहून शिकली. वर्गात मी तिचा शिक्षक. एप्रिल १९९० मध्ये नववीच्या वार्षिक परीक्षेत गणितात पास होण्यास तिला तीन गुण कमी पडले. पाच गुणांपर्यंत कमी पडत असतील तर शिक्षकाच्या शिफारशीने कृपागुण मिळत. मी अकरा मुलांची शिफारस केली. तिची केली नाही. मामाने भाचीला वर काढले, असे कुणी म्हणू नये म्हणून.

निकालाच्या दिवशी ती घरी आली, चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"मामा, त्या अकरा जणांना का दिलेत?"

"नियमात बसत होते."

"आन मी?"

"तू माझी भाची आहेस."

"मंजी मी नियमात बसत हुते, तुमच्या नात्यात बसत न्हवते."

नववीत नापास झालेल्यांसाठी संस्थेची जी पद्धत होती, तिच्याप्रमाणे पिंकीच्या हातात दाखला आणि सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती देण्यात आली. ती आईकडे गेली. बाहेरून दोनदा दहावीला बसली, दोन्ही वेळा फक्त गणितात राहिली. त्या दोन वर्षांत तिने मला एकही गणित विचारले नाही आणि मीही कवठ्याला जाऊन शिकवले नाही. माझ्या डायरीत त्या काळात 'पिंकीचा हट्ट' असे तीन ठिकाणी लिहिले आहे. ते आता खोडत नाही. वाचणाऱ्याने हट्ट कुणाचा ते ठरवावे.

७. हे कलम घराच्या कलमाआधी ठेवण्याचे कारण पुढच्या कलमात येईल.

पिंकीची ती उत्तरपत्रिका मी जपून ठेवली होती. नियमाप्रमाणे ती इतरांच्या पेपरांबरोबर रद्दीत जायला हवी होती. मी ती माझ्या निःपक्षपातीपणाचा पुरावा म्हणून ठेवली. खरे तर अभिमानाने. ऑपरेशनच्या निमित्ताने कपाट आवरताना गेल्या आठवड्यात ती वाचली.

प्रश्न असा होता: अंगणात कोंबड्या आणि शेळ्या मिळून तीस डोकी आणि चौऱ्याऐंशी पाय आहेत, तर प्रत्येकी किती? गुण चार. पिंकीने लिहिले होते, 'सगळ्या कोंबड्या धरल्या तर पाय साठ. चोवीस जास्त आहेत. शेळीला दोन पाय जास्त, म्हणून शेळ्या बारा, कोंबड्या अठरा.' उत्तर बरोबर. रीत बरोबर. मी लाल शाईने शून्य दिले होते आणि शेजारी लिहिले होते, 'समीकरण मांडले नाही.'

प्रश्नपत्रिका मीच काढली होती. तिच्यात 'समीकरण मांडून' असे शब्द नाहीत. मी चारदा पाहिले.

बाकीच्या अकरांपैकी कुणी असेच सोडवले होते का, आणि मी त्याला गुण दिले होते का, हे आता कळणार नाही. दिले असावेत, असा मला संशय आहे.

म्हणून मी, तिचा विषयशिक्षक आणि परीक्षक या नात्याने, जाहीर करतो की कुमारी दीपमाला ही एप्रिल १९९० मध्ये नववीच्या गणितात कृपागुणांशिवाय, एक गुण जास्त मिळवून उत्तीर्ण झाली होती. तिला गणिताने अडवले नाही. मी अडवले. दुरुस्त केलेली उत्तरपत्रिका, माझ्या तारखेसह सहीची, या मृत्युपत्राला जोडली आहे.

८. कोरेगाव येथील माझे स्वकष्टार्जित घर, अंगण आणि पाण्याच्या हक्कासह, मी दीपमालाला देतो. पहिल्या कच्च्या प्रतीत मी अट घातली होती की तिने दहावीचे गणित सोडवून घ्यावे, मग घर मिळावे. परवा आक्काताई आणि पिंकी दोघी आल्या तेव्हा ती वाचून दाखवली. आक्काताई म्हणाली, "आरं, आता घराला बी पास हुयाला लागतंय व्हय?" ती हसली, आणि मग पदर तोंडाला लावला.

पिंकी हसली नाही. मी तिच्यापुढे उत्तरपत्रिका ठेवली. तिने शून्यावर बोट ठेवले, खालचा हिशेब पुटपुटत वाचला.

"घर ऱ्हाऊ द्या, मामा. आदी माझा निकाल लिवा."

म्हणून कलम ७ आधी आहे. अट काढून टाकली आहे. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे, तिथे मशीन टाकावी किंवा कुलूप लावावे. पुन्हा परीक्षेला बसायचे असेल तर मी जिवंत असेन तोवर शिकवीन, तेही तिने बोलावले तर. यापैकी कशालाही माझी संमती लागणार नाही.

९. माझ्या सव्वीस डायऱ्या आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे कॉलेजपासूनचे मित्र नागसेन, नोकरी पाटबंधारे खाते, सातारा, यांच्याकडे सोपवतो. त्यांनी डायऱ्या वाचाव्यात. माझ्याबद्दल बरे लिहिले असेल तिथे थांबून पुन्हा वाचावे.

१०. साक्षीदार म्हणून मी प्रथम चिंतामणरावांना विनंती केली. त्यांनी कलम ७ वाचले, चष्मा काढून पुसला. "बनसोडे, शाळेचं रेकॉर्ड बंद झालंय. मुख्याध्यापक म्हणून मला यावर सही करता येत नाही." मी त्यांना दोष देत नाही. सहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच बोललो असतो.

त्यानंतर शाळेचे निवृत्त शिपाई बिराप्पा आले. १९९० चा निकाल फळ्यावर त्यांनीच डकवला होता. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही, सगळे वाचायला लावले. कलम ७ झाल्यावर मला हाताने थांबवले.

"म्हंजी पोरगी पास हाय न्हवं?"

"होय."

"मग लय येळ लावलासा, सर. सही कुटं करू?"

हे मृत्युपत्र मी वाचून, खाडाखोड नाही याची खात्री करून, खालील दोघांच्या समक्ष सही करीत आहे. त्या दोघांनी माझ्या समक्ष सही केली आहे.

लिहून ठेवणार: जालिंदर हरिबा बनसोडे (सही)

साक्षीदार:
१) बिराप्पा, निवृत्त शिपाई, रा. कोरेगाव (सही)
२) लालासाहेब, शेजारी, रा. कोरेगाव (सही)

ठिकाण: कोरेगाव, जि. सातारा
दिनांक: १४ जून १९९६