वर्षालीचा हॉल

प्रिय वर्षाली,

फोनवर बोलले असते तर मध्येच भांडले असते, म्हणून लिहिते आहे. बोरगावहून, तुझ्या घरून परतल्यापासून मी तुझ्याशी नीट बोलत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ह्यांनी विचारलं तेव्हा डोकं दुखतं म्हणाले. खरं म्हणजे तुझा हॉल बघून माझा जळफळाट झाला होता.

माझ्या हॉलच्या निम्मा असेल तुझा. तरी आत शिरल्यावर मोकळं वाटलं. पांढऱ्या भिंतींत एकच गडद निळी, तिच्यापुढे पिवळी खुर्ची, साध्या सतरंजीला रुंद लाल काठ, आणि फुलाफुलांची नक्षी फक्त उशांवर. सामान बेताचं, मधे चालायला जागा. आम्ही तळेगावला एवढं घर बांधलं, सागवानी सोफा केला, आणि नातेवाईक तुझ्या हॉलचे फोटो एकमेकांना पाठवतात.

तेही सोसलं असतं गं. पण माझ्यासोबत आलेली आई उठली, कुणाचा हात न धरता त्या खुर्चीपर्यंत गेली आणि टेबलावरचा कप तिनं स्वतः उचलला. हसून म्हणाली, "शालू, इथं मले बरं दिसते वो." बाबा गेल्यापासून ती माझ्याजवळ आहे. तिचं पथ्य, औषधं, डोळ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या मी केल्या. डोळ्यांच्या पडद्याला आता इलाज नाही, हे डॉक्टरांकडून मीच एकटीनं ऐकलं. आणि तिला बरं दिसावं ते तुझ्या घरी!

घरी आले ती हट्टाला पेटूनच. दोन भिंती लालभडक करून घेतल्या. मोठ्या फुलांचे पडदे आणले, तसलाच गालिचा, कोपऱ्यात पितळी स्टँड. मांडव घातल्यासारखं दिसून राह्यलं, असं हे म्हणाले, तर दिवसभर त्यांच्याशीही अबोला धरला. आई मात्र दाराजवळच बसून राहायची. मला वाटलं, मुद्दाम करते.

मागच्या आठवड्यात ती पाणी प्यायला उठली. गालिच्यावरचं काळं फूल तिला खड्डा वाटलं. ते ओलांडायला तिनं पाय लांब टाकला आणि स्टँडवर आदळली. कपाळाला खोक पडली. मी रक्त पुसत होते आणि ती माझीच समजूत घालत होती, "तुहा हॉल चांगलाच आहे, मलेच दिसलं नाई."

तेव्हा कळलं, तू तो हॉल फोटोसाठी सजवलाच नव्हतास. सणासुदीला चार दिवस येणाऱ्या आईला काय दिसतं, काय नाही, हे तू बघितलंस. मी रोज तिच्यासोबत राहून पाहुण्यांना काय दिसेल ते बघत होते. खरं सांगू? हे कळल्यावर तुझा जास्तच हेवा वाटला.

जखम भरते आहे, घाबरू नकोस. हे वाचून तू लगेच म्हणशील, आईले इकडं पाठव. ते होणार नाही. आई माझ्याकडेच राहील. गालिचा गुंडाळला, पडदे काढले, पण भिंतींपुढे उभी राहिले की काही सुचत नाही. म्हणून रविवारी तूच ये. रंग तू निवड, खुर्ची कुठं ठेवायची ते तू ठरव, मी ऐकेन. फक्त आईनं विचारलं, हे कोणं केलं, तर दोघींनी मिळून केलं म्हणजो.

तुझ्यावर अजून थोडी रागावलेली,
तुझीच,
शालूताई