सहावी पट्टी

ताई,

तुझी स्कूटर घेऊन जातोय. तू फिरून येईपर्यंत थांबता येणार नाही, आणि तुझा फोन इथेच चार्जिंगला आहे. दूध अर्धवट तापलंय, ते बघ.

परवा त्या आजी-आजोबांच्या घरातल्या फटी बुजवल्या ना, तिथे हवा कुठून गळते ते तपासायला मी आधी मुद्दाम ठेवलेली सगळी भोकं चिकटपट्टीने बंद केली होती. गॅस हीटरचा धूर बाहेर जायचं भोकसुद्धा. काढलेल्या पट्ट्या मी हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला चिकटवतो, तुला माहीत आहे. लावल्या होत्या सहा. आत्ता पेटी उघडली तर पाचच आहेत. हीटरची रुंद पट्टी नाही. एकट्याने घाईत उरकू नकोस म्हणाली होतीस. आत्ता तो विषय काढू नकोस.

अग्निशमन दलाला पत्ता दिलाय. आजोबा फोन उचलत नाहीत. तू लावत राहा, नंबर मागे लिहिलाय. उचललाच तर हीटर बंद करून दोघांना आधी घराबाहेर यायला सांग.

काल संध्याकाळी आजींचा फोन आला होता. "घर इतकं उबदार झालंय, दोघांनाही नुसती झोप येतेय," म्हणाल्या.

मी म्हटलं, मग झोपा की निवांत.