उंबऱ्यातला खिळा

आई, आत्यानेच तुला मारलं असं मी जन्मभर मानत आले. आज ते पुन्हा एकदा तपासून बघतेय, आणि माझ्या तपासण्यावरही माझा भरवसा नाही, हे आधीच सांगून टाकते.

देवबागचं हेच घर. माझ्या धाकट्या भावाला जन्मून जेमतेम तीन आठवडे झाले होते. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आपल्याकडे दारूबंदी. तू चुलीपुढे शेकायला बसली आहेस, आणि एकदम हातातला पेला खाली ठेवतेस. "वन्सं, माझो जबडो दुखता. दात नाय, हाड दुखता." कपाळावर घाम, मग पाठीत कळ. आत्या, बाबांची विधवा बहीण, म्हणते, "छातीत वारो भरलो गो." ती मडक्यामागून गोव्याच्या लाल वाइनची बाटली काढते, बाळंतिणीला ताकद येते म्हणून चोरून आणलेली, आणि तुला दोन घोट पाजते. दुपारपर्यंत तू गेलीस. मी आठ वर्षांची, दारात उभी. मला दिसलं ते एवढंच, की तू बाटलीतलं प्यायलीस आणि मेलीस. मालवणचे डॉक्टर आले ते संध्याकाळी. एवढ्या तरण्या बाईचं हृदय कसं बंद पडेल, म्हणाले, आणि बाळंतरोग ठरवून निघून गेले. ते वळले तशी आत्याने बाटली खाडीत फेकली. तेही मी पाहिलं.

तुला नेल्यावर तिने उंबऱ्यात लांब खिळा ठोकला आणि वाटेवर नाचणे टाकले. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होऊन घरी येते म्हणे. तिने दाणे वेचत बसावं, उंबरा ओलांडू नये, म्हणून हे सगळं. मला वाटलं, हिच्या मनात पाप आहे म्हणून ही तुला भिते. नाहीतर तू घरात आलेली कुणाला नको असेल? पुढे कितीतरी दिवस तिने वाढलेलं मी आधी मांजराला घालायची, मग जेवायची. मांजर टुणटुणीत राहिलं, माझा संशय काही गेला नाही. तिला सगळं कळत होतं. तरी ती दुसऱ्यांदा वाढायची.

मी डॉक्टर झाले तेही बहुधा तिला पकडायलाच. मुंबईच्या इस्पितळात तरुण बायकांच्या हृदयविकाराच्या झटक्यांची वर्गवारी लावायचं काम माझ्याकडे आलं. कुणाची रक्तवाहिनी चरबीने तुंबलेली, कुणाची नुसतीच आवळलेली, आणि काहींची, त्यातही नुकत्याच बाळंत झालेल्यांची, आतून फाटलेली. तसली पहिली बाई आली ती जबडा धरूनच. तुला तिच्या शेजारी ठेवलं की सगळं जुळतं. फारच जुळतं, तेच मला खटकतं. तुझी ना तपासणी झाली, ना चिरफाड. आत्याने मला वाढवलं, शिकवलं, म्हणून तर मी तिला सोडवत नाही ना? दोन घोट वाइनने माणूस मरत नाही हे मला कळतं, पण दारातल्या त्या पोरीला कोण पटवणार?

आत्याच्या शेवटच्या आजारात मी तिला सरळच विचारलं, खिळा का मारलास? म्हणाली, "तिका भियान नाय गो खिळो मारलंय. बाळाक व्हरतली म्हणान मारलंय. तिचो जीव होतो त्याच्यात." तू बाळाला न्यायला येशील म्हणून, म्हणे. मी यावरही विश्वास ठेवला नाही. मरतानाही माणूस आपली बाजू सांगतोच.

आता माझी लेक बाळंतपणाला इथे आलीय, बाळ पंधरा दिवसांचं झालंय. रोज तिला विचारते, जबडा दुखतो का, पाठीत काही होतं का? "मम्मी, पुरे गं," म्हणून ती वैतागते. काल सुतार नवं दार बसवायला आला होता. उंबऱ्यावर हात फिरवून म्हणाला, "हो गंजलेलो खिळो काढून टाकू?"

हे पत्र कुठे धाडायचंच नाही, म्हणून कबूल करते. तू घरात यावीस असं मला आठव्या वर्षापासून वाटत आलंय, आई. पण बाळ आत निजलं होतं. मी म्हटलं, राहू दे.