आईच्या हातातली कॅसेट

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर आई शेजारीच बसलेली असते. तिच्यासमोर तिच्याविषयी काय बोलणार? म्हणून पत्र लिहितोय. हसू नकोस.

ताई, मी टेकीला आलोय. एक दिवसाआड आईला डायलिसिसला न्यायचं असतं, आणि चालत्या गाडीत ती दार उघडते. परवा भर चौकात पट्टा काढून एक पाय बाहेर टाकला. मागच्या सीटवर बसवून दाराचं लॉक लावलं, तर कपाळ काचेवर आपटून घेतलं. अॅम्ब्युलन्स बघूनच ती लहान मुलासारखी किंचाळते. काल गाडीत बसलीच नाही, एक पाळी चुकली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशा दोन-तीन पाळ्या ओळीने चुकल्या तर पाणी छातीत चढेल.

माझ्याकडून मी काहीही बाकी ठेवलं नाही. बाबांच्या गाडीतला तो जुना कॅसेटचा टेप रेकत होता, गायिका घोरतेय असं वाटायचं. गेल्या महिन्यात तो काढून भंगारात दिला आणि नवा स्क्रीन बसवला. तिची सगळी गाणी एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर भरली. दारांत नवे स्पीकर, खरखर नावाला नाही. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांत हेच केलं. आधी कुई-कुई करणारे रेडिओ, मग टेप, मग खड्डा आला की उडी मारणाऱ्या सीड्या. आता गाड्या कंपनीतूनच स्क्रीन घेऊन येतात आणि मी दुकानात माश्या मारतो. निदान आईसाठी तरी कसब कामाला येईल असं वाटलं होतं. पण गाणं संपत आलं की ती डॅशबोर्ड बोटांनी चाचपते, नखांनी खरवडते, आणि मग दाराकडे वळते. विसरण्याचा आजार वाढलाय, दुसरं काय.

तू आलीस तर बरं होईल. लोभ असू दे.

तुझा,
भोंगा

११ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि डाळीची फोडणी करपली. वसतिगृहातल्या पोरांनी मुकाट खाल्ली, बिचारी. परीक्षा संपेपर्यंत मला सुट्टी नाही. दोनदा मागितली, दोन्हीदा नाही म्हणाले.

अरे शहाण्या, तू आईचं काम काढून घेतलंस! लहानपणी गाडी सुरू झाली की तू मागे आडवा. घर येईपर्यंत तुझा भोंगा बंद. तू काही पाहिलेलंच नाहीस. मी जागी असायचे. बाबांनी आपोआप बाजू बदलणारा टेप कधी घेतला नाही, कारण कॅसेट उलटायचं काम आईचं होतं. एक बाजू संपून बटण खटकन वर आलं की ती कॅसेट ओढायची, पदराला पुसायची, उलटून आत ढकलायची. बाबांनी हात पुढे केला तर चापट बसायची. तुम्ही समोर बघा, हे माझं खातं आहे, असं म्हणायची. कितीही लांब जायचं असो, डुलकी घ्यायची नाही, गाणं बंद पडेल म्हणून.

तिला गाणी नकोत रे, उलटायला काहीतरी हवं. तुझा स्क्रीन कधी संपतच नाही, तर तिने करायचं काय? तिला वाटत असेल, इथे आपलं काही काम नाही, उतरावं.

तिला कॅसेट दे. स्वतःही दोन घास वेळेवर खात जा. माया आहे तशीच आहे, शंका घेऊ नकोस.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी स्वतःला शिव्या घातल्या, मग भंगारवाल्याकडे पळालो. आपला टेप केव्हाच वितळून गेलेला. दुकानदार मित्रांकडे विचारलं तर सगळे हसले. शेवटी एका गंजलेल्या टेम्पोतून तसलाच टेप उचकटून काढला. मोटर मेलेली, आतला रबरी पट्टा नाही. दरम्यान आईची आणखी एक पाळी चुकली. पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते, रात्री बसून श्वास घेत होती. मी देवाला नको नको ते बोललो.

मग एक युक्ती केली. त्या मेलेल्या टेपच्या पोटात एक स्विच बसवला. कॅसेट आत ढकलली की गाणी पेनड्राइव्हवरून सुरू होतात. ठरावीक गाणी झाली की बटण खटकन वर येतं आणि आवाज बंद. पहिल्यांदा बटण उडालं तेव्हा मी तिच्या हातांकडे बघितलं. तिने कॅसेट ओढली, पदराला पुसली, उलटून ढकलली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच उशीर केला. हॉस्पिटल येईपर्यंत दाराला हात लावला नाही. उतरताना सिस्टरला म्हणाली, जरा थांबा, एक बाजू राहिलीय.

ताई, तुझे पाय धुवून प्यायला हवेत. तोवर ओढ अशीच ठेव.

भोंगा

१२ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाय धुवायला तरी कधी येतोस? तुझं पत्र मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. एकीचं रडणं थांबेना. परीक्षा संपत आल्या, महिनाअखेर मी नक्की येते. आईला सांग, पुढच्या सीटवर मी बसणार नाही, तिची जागा तिलाच. उत्तर टाक, वाट बघायला लावू नकोस.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाअखेरपर्यंत थांबू नकोस.

गेल्या आठवड्यात सोमवारी बटण वर आलं आणि आईचे हात मांडीवरच राहिले. वाटलं, लक्ष नसेल. मी गाडी कडेला घेतली, थांबलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. कॅसेट काढून तिच्या हातात दिली, तर तिने ती नुसती धरली. मग मी ती माझ्या हाताने उलटून आत ढकलली. तिने मला अडवलं नाही.

तेव्हापासून कसलाच त्रास नाही. पट्टा लावू देते, सुई टोचू देते. पाळी एकही चुकत नाही. सिस्टर म्हणतात, आजी किती शहाण्या झाल्या. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ओरडून रडावंसं वाटतं, आणि सगळे अभिनंदन करतात.

आज हॉस्पिटलच्या आवारात गाडी उभी केली, तिचा पट्टा काढला आणि तिच्या बाजूचं दार सताड उघडून ठेवलं. म्हटलं, आई, उतर, पळ, मला धावायला लाव. बराच वेळ बसून राहिलो. तिने पाय हलवला नाही.

सुट्टी देवोत न देवोत, मिळेल त्या गाडीने नीघ.

तुझा,
भोंगा