दसऱ्याचा कुसुंबा

लष्कर, ग्वाल्हेर
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९२६

चिरंजीव मालोजीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालात पडणार नाही. तुला काही कळवायचं नाही, अशी आबासाहेबांची सक्त ताकीद आहे. पण माझ्या पोटात काही राहतंय थोडंच, म्हणून नुसतं लिहून ठेवतेय!

काल सोनं देऊन झाल्यावर मंडळी रिवाजाप्रमाणे कुसुंब्याला बसली. अफूचं ते पाणी यजमानाच्या ओंजळीतून घ्यायचं आणि नाही म्हणायचं नाही, हे तुला मी काय सांगावं! आबासाहेबांनी मामासाहेबांपुढं ओंजळ धरली. मामांनी तोंड लावलं आणि ताडकन उठले.

"दाजीसाहेब, हे तर बडीशेपेचं सरबत! थट्टा मांडलीय काय?"

"या घरात आता हेच मिळेल," आबासाहेब म्हणाले. "पोरगा झाशीला वैद्यांकडं अफू सोडायला पडलाय. परत येईल तेव्हा तिचा वास त्याला दारात भेटायला नको."

मामा न जेवता गेले. जाईनात का!

खरी गोष्ट पुढंच आहे. गेल्या सोमवारी तू टांग्यात बसलास, त्याच दिवसापासून आबासाहेबांनी स्वतःचीही अफूची गोळी बंद केलीय. "सुटली तर मीच सांगेन त्याला, आधी गवगवा नको," म्हणतात. अंग मोडून येतं, डोळ्यांतून पाणी गळतं, वर माझ्यावरच खेकसतात. आज पाय फार ठणकत होते, म्हणून मी चेपायला बसले, तर पाय ओढून घेतले.

"राहू दे," म्हणाले. "तिकडं त्याचे कोण चेपतंय?"

तुझीच,
आक्का